हात लावू नका

दिवाळीला माहेरी निघालेल्या बाईच्या पिशवीत काय काय असावे, याविषयी आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. आईसाठी एखादे मऊ सुती लुगडे, बाबांसाठी स्वेटर, भाच्यासाठी फुलबाज्या, आणि सासरच्या चकलीचा माहेरच्या चकलीशी सामना व्हावा म्हणून एक डबा! गेल्या दिवाळीत हे सारे तर माझ्याजवळ होतेच. पण त्याखेरीज पाचेक किलो वजनाची एक लोखंडी पेटीही होती. तिला दोन तबकड्या, दोन बटणे आणि पुढच्या अंगाला एक तांबडे व एक काळे अशी दोन टोके. पुण्याहून अकोल्यापर्यंत आगगाडीत ती माझ्या पायांशी निमूट बसली होती. अकोल्याला एस.टी.त चढताना मात्र कंडक्टरने तिच्याकडे संशयाने पाहिले.

"बाई, शिलाई मशीन हाय काय हे?"

"नाही हो. वीज देणारी पेटी आहे."

"मंग आमच्या गावाले बी द्या थोडीशी," असे म्हणून त्याने तिकीट फाडले आणि गाडी पातूरच्या घाटाकडे निघाली.

माझे माहेर मेडशीचे. अकोल्याहून वाशीमला जाताना पातूरचा घाट चढला, सागाची झाडे मागे पडली, की थोड्या वेळाने आमचे गाव येते. पूर्वी आम्ही अकोला जिल्ह्याचे होतो. १९९८ साली वाशीम जिल्हा निराळा झाला आणि आम्ही बसल्या जागी वाशीमचे झालो. जिल्हा बदलला, विजेचे वागणे मात्र होते तसेच राहिले. २००५च्या पुढची भारनियमनाची वर्षे ज्यांनी विदर्भातल्या खेड्यांत काढली आहेत, त्यांना याहून अधिक सांगायला नको. मला नोकरी लागली ती त्याच काळात. पहिल्या वर्षाच्या पगारातून मी आईबाबांसाठी एक इन्व्हर्टर घेतला. रात्री वीज गेली तरी आमच्या घरात दोन दिवे आणि एक पंखा चालू लागला. शेजारच्या बायका आईजवळ बसून गव्हल्या करीत त्या या दिव्याखाली, आणि आई प्रत्येकीला न चुकता सांगे, "आमच्या बाईनं घेतला."

इन्व्हर्टर म्हणजे नुसते खोके. त्याचा जीव असतो बॅटरीत. आमची पहिली बॅटरी बरीच वर्षे टिकली. दुसरी मात्र लवकर गेली, कारण तिच्यातले पाणी उतरलेले पाहून बाबांनी मोठ्या मायेने आमच्या विहिरीचे गार पाणी तिच्यात ओतले. बॅटरीला चालते ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. विहिरीच्या पाण्यातले क्षार तिला बाधतात. तिसरी बॅटरी घेताना पैसे माझे गेले होते आणि रागही माझा होता. मी फोनवरून बजावले, "यापुढे तिला कुणी हात लावू नका. मी येईन तेव्हा मी बघेन."

बाबा प्राथमिक शाळेतले निवृत्त शिक्षक. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना आज्ञा केल्या. म्हातारपणी स्वतःच्या मुलीची आज्ञा त्यांनी तंतोतंत पाळली.

मी वर्षातून दोनदा माहेरी जात असे, उन्हाळ्यात आणि दिवाळीत. त्या वर्षी उन्हाळ्यात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले आणि जाणे राहिले. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपर्यंत चढतो. बॅटरीतले पाणी हळूहळू उतरत गेले. आषाढात इन्व्हर्टरची बॅटरी भरण्याची बाजू बिघडली आणि त्याचा तांबडा दिवा लुकलुकू लागला. बाबा रोज तो दिवा पाहत होते आणि रोज फोनवर मला "सगळं बरं हाय" असे सांगत होते. मग श्रावणातल्या एका रात्री वीज गेली. दिवे लागले नाहीत. आई पाणी प्यायला उठली, अंधारात उंबरठ्याला अडखळली आणि पडली. मांडीचे हाड मोडले. अकोल्याला नेऊन शस्त्रक्रिया करावी लागली.

दवाखान्यात मी बाबांना विचारले, "तांबडा दिवा लागला होता, तर मला सांगितलं का नाही?"

बाबा म्हणाले, "तूच म्हटलं होतं ना, हात लावू नका. मले वाटलं, आपल्याले त्यातलं काय समजते?"

यावर मी काय बोलणार? वाक्य माझेच होते.

दवाखान्याच्या त्या धांदलीत बॅटरीकडे कोण पाहणार? दसरा झाल्यावर कारागीर इन्व्हर्टर दुरुस्तीला अकोल्याला घेऊन गेला, तो दिवाळीनंतर मिळणार होता. बॅटरी कोपऱ्यात गोणपाटाखाली तशीच रिकामी पडून होती. एकदा महाविद्यालयात चहा पिताना ही हकीकत मी आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांना सांगितली. सर एकदम कप खाली ठेवून म्हणाले, "अहो, रिकामी बॅटरी अडीच महिने ठेवलीत? ती रोज थोडी थोडी मरते आहे!"

मग त्यांनी मला प्रयोगशाळेत नेले आणि दोन तास माझी शिकवणी घेतली. वाचकहो, मी व्याकरण शिकवणारी बाई. घरी फ्यूज गेला तर शेजाऱ्यांना हाक मारणारी! पण सरांनी जे सांगितले ते इतके सोपे होते की, आजवर ते कुणी का सांगितले नाही, याचेच मला नवल वाटले. की कुणी सांगत असता मीच कान दिला नव्हता?

शिशाची ही बॅटरी काही आजची नाही. गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती १८५९ साली तयार केली. पुन्हा पुन्हा भरता येईल अशी ही पहिली बॅटरी. आपल्या मोटारीत आणि ट्रॅक्टरमध्ये अजूनही तिचीच वंशावळ नांदते आहे. आत शिशाच्या पट्ट्या आणि पाणी मिसळलेले गंधकाम्ल. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा खण, प्रत्येक खण सुमारे दोन व्होल्टचा. बॅटरी वीज देते तेव्हा आम्लातले गंधकाचे अंश पट्ट्यांवर बसतात आणि आम्ल पातळ होते. भरताना तेच अंश पट्ट्या सोडून परत आम्लात जातात. बॅटरी रिकामीच ठेवली, तर पट्ट्यांवरचा तो थर कडक खड्यांसारखा होत जातो आणि मग काही केल्या सुटत नाही. सर म्हणतात ते मरण हेच.

"मग ट्रॅक्टरवाल्याच्या चार्जरवर टाकली तर?" मी विचारले. माझ्या दादाची तशी सूचना होती.

"धसमुसळेपणा नको. अशा बॅटरीत जोराने वीज कोंबली तर ती तापेल, उकळल्यासारखे बुडबुडे येतील आणि पट्ट्यांवरचा मसाला गळून पडेल. तिला ही पेटी द्या."

त्या पेटीची खुबी अशी. तिचे एक बटण व्होल्टचे, म्हणजे दाबाचे. दुसरे अँपिअरचे, म्हणजे धारेचे. दोन्हींची मर्यादा आपण आधी ठरवून द्यायची. बॅटरीला न जोडता पेटी सुरू करायची आणि दाब १४.४ व्होल्टवर आणायचा. मग दाब थोडा उतरवून, पेटीची दोन टोके एकमेकांना टेकवून धार ठरवायची. दाब परत १४.४ वर आणायचा. धारेचा नियम असा की, बॅटरी जितक्या अँपिअर-तासांची असेल त्याच्या दहाव्या भागाहून जास्त नको. आमची दीडशेची, म्हणजे पंधरा अँपिअरपर्यंत चालले असते, पण पेटीच मुळी पाच अँपिअरची होती. "उत्तमच," सर म्हणाले, "आजाऱ्याला पेजच बरी." हे सारे ठरले की पेटी बंद करायची, तांबडे टोक बॅटरीच्या धन बाजूला आणि काळे ऋण बाजूला लावायचे, आणि मग पेटी सुरू करायची. उलटे लागले तर घात! म्हणून तारेत एक फ्यूजही घालून दिला.

एरवी बॅटरी आधी ठरवलेली सगळी धार घेते आणि तिचा दाब हळूहळू चढत जातो. दाब १४.४ ला पोचला की पेटी तो तिथेच धरून ठेवते. मग बॅटरी आपण होऊन कमी कमी वीज घेऊ लागते. पोट भरत आलेल्या मुलाने घास लहान घ्यावेत, तसे. धार अगदी रोडावली आणि तास-दोन तास तेवढीच राहिली, म्हणजे बॅटरी भरली. पुढे तशीच जोडून ठेवायची असेल तर दाब साडेतेराच्या आसपास उतरवायचा.

"म्हणजे किती घ्यायचे ते बॅटरी ठरवते?" मी विचारले.

"अर्थात. आपण फक्त मर्यादा ठरवायची. आणि तीही जोडण्याआधी."

त्यांनी सारे एका कागदावर लिहून दिले आणि शेवटी दोन ओळींखाली जाड रेघा ओढल्या. पहिली ओळ: भरताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, जागा उघडी हवी, जवळ ज्योत वा ठिणगी नको. दुसरी: भरता भरता वीज गेली तर बॅटरी उलट पेटीतच वीज सोडू पाहील, तेव्हा पेटीचे टोक काढून ठेवावे. बॅटरीजवळचे नव्हे, पेटीकडचे, म्हणजे ठिणगी उडालीच तर ती वायूपासून लांब उडेल.

पहिली ओळ वाचून माझ्या मनात आले, दिवाळीच्या चार दिवसांत ज्योत नको!

धनत्रयोदशीच्या सकाळी आम्ही बॅटरी परसातल्या गोठ्यात नेली. बैल विकून बरीच वर्षे झाली, पण गोठा तसाच आहे, एका बाजूने सताड उघडा. डोळ्यांना दादाचा गॉगल आणि हातांत रबरी मोजे अशा माझ्या अवताराकडे पाहत बाबा म्हणाले, "बाई, तू मराठी शिकवतं का लाइनमनकी?" आम्ल उडालेच तर असावा म्हणून खाण्याचा सोडा आणि पाण्याची बादली जवळ ठेवली. खणांची झाकणे उघडून पट्ट्या बुडतील इतपतच डिस्टिल्ड वॉटर घातले. भरताना आतले पाणी फुगते, म्हणून खुणेपर्यंत घालायचे ते बॅटरी भरल्यावर. बॅटरीवरच्या खुणा पुसट झाल्या होत्या, पण धन बाजू ओळखायला अडचण पडली नाही. दर दसऱ्याला आई शस्त्रांबरोबर बॅटरीचीही पूजा करी, आणि पहिल्या वर्षी कारागिराने "हे लाल" म्हणून दाखवलेल्या टोकालाच कुंकू लावी. तरीही मी मीटर लावून खात्री केली. कुंकू बरोबर होते!

पेटी सुरू केली. पाच अँपिअरची वाट पाहत होते. काटा एकावरसुद्धा गेला नाही. दाब मात्र क्षणात १४.४. पट्ट्यांवरचा थर वीज आत घेऊच देत नव्हता. दादा म्हणाला, "गेली ही. नवी घेऊ." मला दाब वाढवण्याचा मोह झाला. बटण तर हाताशीच होते, थोडे पुढे सरकवले की काटा हलला असता. पण मर्यादा जोडण्याआधी ठरवायची, असे सर म्हणाले होते ते बहुधा याच क्षणासाठी. मी हात मागे घेतला.

संध्याकाळी घरात पणत्या लागल्या. मी ओसरीवर होते. पाहते तो माझा आठ वर्षांचा भाचा हातात पेटती पणती घेऊन गोठ्याकडे निघालेला. मी अशी काही ओरडले की शेजारचे कुत्रे भुंकू लागले.

"तिकडे जाऊ नकोस! हात लावू नकोस कशाला!"

पोर दचकले. पणती अंगणात पडून फुटली. तेवढ्यात आई वॉकर टेकत टेकत दारापर्यंत आली. पणती तिनेच पाठवली होती. आमच्याकडे धनत्रयोदशीला गोठ्यात दिवा ठेवायची रीत आहे. बैल गेले तरी आईने ती मोडली नव्हती. आईने फुटलेल्या पणतीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"तुले असंच बोलता येते, बाई," ती सावकाश म्हणाली. "हात नका लावू, हात नका लावू. कायले नाई लावा, ते बी सांगत जाय कधी."

ती रागावली असती तर बरे झाले असते. मला त्या क्षणी श्रावणातली ती रात्र दिसली. आईने मला एका शब्दाने दोष दिला नव्हता, त्या दिवशीही नाही आणि आजही नाही. पण माझ्या 'हात लावू नका'मध्ये काळजी किती होती आणि 'तुम्हाला काय कळते' हे किती होते, याचा हिशेब मी कधी केला नव्हता. वर्गात मुलांना मी प्रत्येक नियमामागचे कारण सांगते. घरच्या माणसांना नुसता नियम पाठवीत होते, तोही चार ओळींच्या फोनवरून.

मी आईला ओसरीवर बसवले. भाच्याला जवळ घेतले, बाबांना बोलावले आणि सरांचा कागद काढून सगळे सांगितले. बॅटरीतले पाणी विजेने फुटते आणि त्यातून हायड्रोजन निघतो. शंभर भाग हवेत तो चार भाग झाला तरी ज्योतीने पेटू शकतो, आणि असा भडका उडाला तर बॅटरी फुटून आम्ल तोंडावर येते. विहिरीचे पाणी का चालत नाही, तेही सांगितले. आई शांतपणे ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "मंग गोठ्याचा दिवा तुळशीजवळ ठेवू. तिथून गोठा दिसते." आणि भाच्याला तिने दुसरी पणती दिली.

बाबांनी कागद मागून घेतला, चष्मा लावून दोनदा वाचला आणि एक जुनी वही काढून आणली. तिच्यावर पट्टीने रेघा आखून त्यांनी चार रकाने केले: वेळ, व्होल्ट, अँपिअर, शेरा. "हे काम माह्यं," ते म्हणाले. "म्हाताऱ्याले झोप नसतेच."

प्रवासाने मी शिणले होते. कधी झोप लागली कळले नाही. सकाळी अभ्यंगस्नानाच्या गडबडीत वही हाती आली. बाबा बोलतात अस्सल वऱ्हाडी, पण लिहितात ते शाळेच्या फळ्यावरचे मराठी, वळणदार अक्षरात. रात्री १० ला धार १.४. बाराला २.१. आणि त्याखाली:

'२.१०. वीज गेली. पेटीकडील तांबडे टोक काढून ठेवले. ३.०५. वीज आली. प्रथम दाब तपासला, १४.४ होता. पेटी बंद केली, टोक जोडले, पेटी सुरू केली. धार २.६. शेरा: प्रगती समाधानकारक.'

मी ती नोंद कितीदा वाचली कोण जाणे. पंचावन्न मिनिटे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बाबा काळोखात गोठ्याच्या दाराशी बसून होते. त्यांनी मला उठवले नव्हते, आणि उठवण्याची गरजही पडली नव्हती. ज्या हातांना मी चार वर्षे मनाई केली होती, त्या हातांनी एक पायरी चुकवली नव्हती.

दुपारी धार चारपर्यंत चढली. पट्ट्यांवरचा थर सुटू लागला होता. रात्री ती पुन्हा उतरू लागली आणि लक्ष्मीपूजनाच्या सकाळी एका अँपिअरच्याही खाली स्थिरावली. पेटी बंद करून खुणेपर्यंत पाणी घातले आणि बॅटरीला दिवसभर विसावू दिले. संध्याकाळी मीटर लावला: १२.३ व्होल्ट. धडधाकट बॅटरी साडेबाराच्या पुढे असते. आमची काही पूर्ववत झाली नाही. एक खण इतरांपेक्षा अशक्तच राहिला. अडीच महिन्यांची हेळसांड दोन दिवसांत कशी भरून निघणार? आईचा पायही पूर्वीसारखा होणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितलेच आहे. पण ती चालते.

दादाने मालेगावच्या बाजारातून बारा व्होल्टचा एक लहानसा एल.ई.डी. दिवा आणला होता. फ्यूज घालून तो बॅटरीला जोडला आणि तिच्या झाकणापासून दूर, माजघराच्या उंबरठ्यावर टांगला. एवढ्याशा दिव्याला वीज ती किती लागणार! अर्धीमुर्धी बॅटरीही त्याला रात्रीमागून रात्री पुरते. त्या रात्री योगायोगाने वीज गेली नाही, म्हणून आईनेच घरातले दिवे मालवले आणि त्या एका दिव्याच्या उजेडात वॉकर टेकीत उंबरठा ओलांडून दाखवला.

भाऊबीज झाल्यावर मी पेटी घेऊन पुण्याला परतले. सरांना ती परत देताना बाबांची वहीही दाखवली. त्यांनी ती बारकाईने पाहिली आणि म्हणाले, "आमच्या मुलांची प्रयोगवही इतकी नेटकी असती तर!" इन्व्हर्टर कार्तिकी पौर्णिमेनंतर दुरुस्त होऊन आला. तो जोडताना कारागिराने धन बाजू विचारली, तेव्हा बाबांनी त्याला कुंकू दाखवले म्हणे.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बाबांचा फोन येतो. आधी गावची खबर, मग पावसापाण्याची, मग आईची. आणि शेवटी, निकाल वाचून दाखवावा तशा आवाजात ते सांगतात, "बाई, आज बॅटरीले हात लावला. सहाही खणांत पानी बरोबर हाय."